जुने वस्त्र, जवळचे अन्न आणि सात्म्यविचार

गेल्या काही वर्षांत चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांच्या, विशेषतः शहरांतील तरुण रुग्णांच्या बोलण्यात दोन गोष्टी वारंवार येऊ लागल्या आहेत. पहिली, आम्ही शक्यतो आपल्याच भागात पिकलेले खातो. दुसरी, नवे कपडे घेणे कमी केले असून आजीच्या ट्रंकेतील साड्या, आजोबांचे कोट, जुन्या बाजारातील सदरे आम्ही पुन्हा वापरात काढले आहेत. जुने वस्त्र नव्या ढंगाने नेसणे ही एक आवड झाली आहे आणि तिच्यामागे पृथ्वीवरील भार कमी करण्याचा हेतू आहे. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. मात्र ही मंडळी पुढे विचारतात, "आयुर्वेदातही हेच सांगितलेले आहे ना?" आणि आपण वैद्य मंडळी बहुधा तत्काळ होकार देऊन मोकळे होतो. हा होकार देण्यापूर्वी ग्रंथ पुन्हा उघडून पाहावेत, एवढ्याचसाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

आमच्या पाहण्यातील दोन रुग्ण येथे नमूद करतो. पहिला, पुण्यात नोकरी करणारा, पस्तिशीच्या आतला, वातप्रधान प्रकृतीचा. त्याने गहू सोडून दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी सुरू केली होती. सोबत उकडलेली भाजी. तेल जवळजवळ वर्ज्य. दीड महिन्यात मलावष्टंभ, आध्मान आणि निद्रानाश घेऊन तो आला. "स्थानिक खाऊन असे कसे झाले?" हा त्याचा प्रश्न होता. दुसरी रुग्णा दद्रूची. कटिप्रदेशी व वंक्षणात मंडले, चार महिन्यांत तिसरा पुनरुद्भव. औषध बरोबर, पथ्य बरोबर. आणि प्रत्येक सणाला मावशीकडून आणलेली तीच जुनी रेशमी साडी. मावशीलाही तोच त्रास होता, हे आम्ही तिसऱ्या वेळी विचारले. ते पहिल्याच वेळी विचारावयास हवे होते.

देश म्हणजे केवळ अंतर नव्हे

आहारविधिविशेषायतनांत चरकाचार्यांनी प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी आठ आयतने सांगितली आहेत. देशाची व्याख्या करताना विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात तीन गोष्टी एकत्र येतात : द्रव्याची उत्पत्ती कोठे झाली, त्याचा प्रचार म्हणजे संचार कोठे होतो, आणि खाणाऱ्याचे देशसात्म्य काय. स्थानिक आहाराचा आग्रह धरणारे बहुधा पहिल्या दोहोंपाशी थांबतात. धान्य किती कोसांवरून आले याचा हिशेब ते ठेवतात. वैद्याचे काम तिसऱ्या गोष्टीपासून सुरू होते.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे आणि तो नजरेतून सुटतो. ज्या देशात प्राणी जन्मला त्या देशातील औषध त्यास हितकर, हे वचन आपणा सर्वांच्या ओठांवर असते. परंतु तस्याशितीय अध्यायाच्या शेवटी सात्म्याचे जे लक्षण दिले आहे ते देशाच्या आणि रोगाच्या गुणांहून विपरीत गुणांचे आहे. म्हणजे रूक्ष जांगल देशात स्निग्ध ते सात्म्य. स्निग्ध, आर्द्र आनूप देशात रूक्ष-उष्ण ते सात्म्य. आता अडचण अशी की भूमीत जे पिकते त्यात बहुधा त्या भूमीचेच गुण उतरतात. मग जवळचे खावे की विपरीत खावे?

याचे उत्तर आपल्याच प्रदेशातील जुन्या स्वयंपाकघरांनी देऊन ठेवले आहे. सोलापूर, मंगळवेढा, धाराशिव, बीड हा पट्टा रब्बी ज्वारीचा. मालदांडी हे येथील नावाजलेले वाण. मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. चरक सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात जूर्णाह्व हे धान्य श्यामाकासमान गुणांचे म्हटले आहे आणि जूर्णाह्व म्हणजे ज्वारी असे मानण्याची परंपरा आहे. श्यामाकाचे गुण कषाय-मधुर, लघु, शीत, वातल, ग्राही व शोषण. कोरड्या देशात हे कोरडे धान्य! एकट्या भाकरीचा विचार केला तर ती त्या देशास विपरीत नाही, उलट समानच आहे.

परंतु त्या पट्ट्यातील माणूस एकटी भाकरी कधी खात होता? भाकरीवर तेलाची धार, सोबत शेंगदाण्याची चटणी, ताक किंवा दही, चिंच घातलेली आमटी, अंबाडीची आंबट भाजी. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात निरनिराळ्या जनपदांची सात्म्ये सांगताना प्राच्यांना मत्स्य आणि सैंधवांना क्षीर सात्म्य म्हटले आहे, तर अश्मक व अवंती येथील लोकांना तैल आणि अम्ल. अश्मक हे जनपद गोदावरीच्या खोऱ्यातील, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या शेजघरातले. तैल आणि अम्ल ही वातशमनाची प्रमुख साधने. धान्य भूमीचे आणि संयोग भूमीच्या विपरीत, अशी ती थाळी होती. आमच्या पुण्याच्या रुग्णाने थाळीतील धान्य तेवढे उचलले आणि संयोग मागे ठेवला. त्यास आम्ही भाकरी सोडावयास सांगितली नाही. भाकरी एकवेळ, तीही ताजी. सोबत दोन चमचे तिळाचे तेल अथवा लोणी, आणि जेवणात ताक. कोष्ठ मार्गावर यावयास तीन आठवडे लागले.

कोकणात उलट चित्र दिसते. आनूप देश, भात व मासळी हे मुख्य अन्न, आणि त्यासोबत कुळथाची पिठी. कुलत्थ उष्ण, अम्लविपाकी, कफवातघ्न. ओल्या देशाच्या विपरीत. हे कुणा आहारतज्ज्ञाने बसवून दिलेले नाही. कुळथाचे पिठले आज उपाहारगृहांत 'कोकणी चव' म्हणून मिळते, ते कौतुकाचे आहे; पण कुळीथ जांगल देशातील पित्तप्रकृतीच्या, अर्शातून रक्त जाणाऱ्या रुग्णाने केवळ मराठी अन्न म्हणून रोज खावे काय, हा प्रश्न विचारणे आपले काम आहे.

दुसरा आणि अधिक अवघड मुद्दा असा की स्थानिक सवय स्वतःच दोषयुक्त असू शकते, आणि हे चरकाचार्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे. पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग टाळावा असे सांगताना विमानस्थानात उदाहरणे थेट जनपदांची आहेत. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू व सौवीर येथील लोक दुधासोबतही मीठ खातात आणि त्यामुळे शिथिल मांस-रक्ताचे, कष्ट न सोसणारे होतात. प्राच्य व चीन येथील लोकांत अतिक्षारामुळे आंध्य, खालित्य, पालित्य आढळते. त्या लोकांचे ते स्थानिक अन्नच होते; पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. तरीही ग्रंथकार त्यास हितकर म्हणत नाहीत. मात्र ते एकदम तोडावे असेही म्हणत नाहीत. सात्म्य झालेले अहितही क्रमाक्रमाने मागे घेतल्यास दोष होत नाही किंवा अल्प होतो, हा तेथील निर्णय आहे.

आपल्याकडे याचे अगदी घरचे उदाहरण करडई. मराठवाड्यात व सोलापूरकडे करडईचे तेल घरोघर वापरात होते. पुष्कळ ठिकाणी अद्याप आहे. लाकडी घाण्यावरच्या तेलाची आवड पुन्हा वाढल्यापासून शहरांतही ते मागून घेतले जाते. आणि यज्जःपुरुषीय अध्यायात स्थावर स्नेहांमध्ये अहिततम म्हणून कुसुंभस्नेहाचेच नाव आहे! स्थानिकतेचा पुरस्कार करताना या वचनाकडे डोळेझाक करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तसेच या एका वचनावर बोट ठेवून लातूरच्या शेतकऱ्याचे तेल बंद करणे हेही वैद्यकाचे लक्षण नव्हे. अग्र्यसंग्रहातील निर्देश द्रव्याच्या स्वभावाचा आहे. उपयोक्ता त्यात गृहीत नाही. आमची रीत अशी : निरोगी, ओकसात्म्य असलेल्या व्यक्तीचे करडईतेल आम्ही बदलत नाही. रक्तपित्त, अम्लपित्त, कुष्ठ, शीतपित्त या अवस्थांत ते पादांशिक क्रमाने कमी करून तिळाचे तेल आणतो. तीळ त्याच भूमीचा आणि तैलांमध्ये श्रेष्ठ म्हटलेला. ऑलिव्ह तेलाची शिफारस करण्याची गरज आम्हांस तरी कधी पडली नाही.

मुंबईतील रुग्णांविषयी एक वाक्य लिहिणे अवश्य आहे. वसई-पालघरची भाजी आणि रायगडचा तांदूळ त्यांना जवळचा, हे खरे. पण परळीहून येऊन वीस वर्षे मुंबईत राहिलेल्या माणसाचे ओकसात्म्य अद्याप परळीचे असते. त्याच्या केसपेपरवर जन्मगाव लिहून घेतल्याशिवाय 'स्थानिक' या शब्दाला अर्थ येत नाही.

वस्त्र : वापरलेले, परंतु संस्कारित

अन्नाविषयी ग्रंथांत विपुल मजकूर आहे, वस्त्राविषयी तुलनेने थोडा. आणि आपण तो शिकवतोही थोडा. दिनचर्येत निर्मळ वस्त्र धारण करावे एवढे सांगून पुढे जातो. भावप्रकाशात ऋतूनुसार वस्त्रे आहेत : शीतकाली वातकफहर असे रेशमी, लोकरीचे व तांबडे, उष्णकाली पित्तघ्न काषाय, वर्षाकाली शुभ्र, जे ना उष्ण ना शीत. मलिन वस्त्र कंडू व कृमी उत्पन्न करते, हेही तेथेच आहे.

वापरलेल्या वस्त्राचा प्रश्न आला की दोन संदर्भ समोर ठेवावे लागतात. पहिला सुश्रुत निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायातील. गात्रसंस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शय्या-आसन यांबरोबर दुसऱ्याचे वस्त्र, माल्य आणि अनुलेपन यांतून कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद हे औपसर्गिक रोग एकाकडून दुसऱ्याकडे संक्रमित होतात. दुसरा चरक शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायातील, कुमारागाराच्या वर्णनात. बालकाचे अंथरूण-पांघरूण मृदू, लघु, स्वच्छ व सुगंधी असावे. घाम, मल, जंतू यांनी दूषित झालेले टाकावे. आणि दुसरे मिळणे शक्य नसेल तर तेच उत्तम धुऊन, धूपन करून, शुद्ध व कोरडे झाल्यावर वापरावे. म्हणजे ज्या ठिकाणी सर्वाधिक काळजी घ्यावयाची, त्या कुमारागारातही जुने वस्त्र निषिद्ध नाही. निषिद्ध आहे ते असंस्कारित वस्त्र. ज्वारीला जसा संयोग, तसा वस्त्राला हा संस्कार.

आपल्या घरांतून हे अगदी अलीकडेपर्यंत पाळले जात होते. बाळासाठी नवे कापड आणत नसत. आजीच्या जुनेराची दुपटी, लंगोट आणि कुंची शिवत. शेकडो धुण्यांनी मऊ झालेले सुती जुनेर बाळाच्या त्वचेस बोचत नाही. यास आजचे कारणही जोडता येते. सुरकुत्या पडू नयेत म्हणून नव्या कापडावर चढवलेल्या काही लेपांत फॉर्माल्डिहाइड असते आणि पॉलिएस्टरवरील काही रंगांमुळे संपर्कजन्य त्वचादाह होतो. वारंवार धुतलेल्या सुती कापडातून हे लेप बव्हंशी निघून गेलेले असतात. कंडूप्रधान रुग्णास नव्या चमकदार सदऱ्याऐवजी जुना सुती सदरा घालावयास सांगणे हा आमच्या मते खरोखरच उपचाराचा भाग आहे. (बोहारणीला भांड्यांवर देऊन टाकलेली कितीतरी उत्तम सुती लुगडी या दृष्टीने हळहळ वाटावी अशी होती. असो.)

आता धोक्याची बाजू. दद्रूचे स्वरूप गेल्या दशकात पालटले आहे, हे प्रत्येक चिकित्सक अनुभवतो आहे. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी भारतात मोठ्या प्रमाणावर आढळली आणि २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले. कुटुंबातील समाईक वस्त्रे हा तिच्या प्रसाराचा एक मार्ग. थंड पाण्याच्या धुण्याने ही बीजे मरतीलच असे नाही. सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी लागते. सुती वस्त्र उकळत्या पाण्यातून काढणे ही जुनी रीत म्हणून योग्यच होती. पामा-खरुजेचे किडे मात्र मानवी शरीरापासून दूर फार दिवस जगत नाहीत; वस्त्र बंद पिशवीत आठवडाभर ठेवले तरी पुरते.

अडचण रेशमाची. पैठणी किंवा इरकली उकळता येत नाही, आणि बुरशीची बीजे पिशवीत दीर्घकाळ तग धरतात. म्हणून आम्ही दोन नियम केले आहेत. दद्रू पूर्ण बरा होऊन दोन महिने लोटेपर्यंत रुग्णाने समाईक रेशीम नेसू नये व स्वतःचे कुणास देऊ नये. इतरांनीही जुने रेशीम उघड्या त्वचेवर येणार नाही असे नेसावे : पूर्ण लांबीचा सुती परकर, चोळीला सुती अस्तर, आणि ही आतील वस्त्रे दर वेळी उकळून. उपर्युक्त रुग्णेस याच नियमाने गुण टिकला. तिने साडी सोडली नाही, हेही सांगावयास हवे. तिला ती साडी प्रिय होती आणि आमचेही तिच्या प्रियत्वाशी भांडण नव्हते.

याहून गंभीर बाब डांबरगोळ्यांची आहे. ट्रंकेतील जुन्या कपड्यांत नॅफ्थलीनच्या गोळ्या घालण्याची पद्धत सर्वत्र आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या नवजातास असे कपडे वा दुपटी गुंडाळल्यास नॅफ्थलीनमुळे रक्तकण फुटून तीव्र कामला होते. ती मेंदूपर्यंत पोहोचून प्राणघातक ठरू शकते. ही उणीव महाराष्ट्रातील काही समाजांत, विशेषतः आदिवासी भागांत, आढळते आणि जन्मतः ती सहसा तपासलेली नसते. 'पणजीच्या हातचे दुपटे' बारशाच्या दिवशी ट्रंकेतून काढून थेट बाळाला गुंडाळतात, तेव्हा हा धोका कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. गर्भिणी सातव्या-आठव्या महिन्यात आली असता बाळंतविड्याचे कपडे कशात ठेवले आहेत हे विचारावे. डांबरगोळीतले असल्यास ते बाळासाठी वापरूच नयेत, दुसरी सोय करण्यास सांगावे. बाळाचे कपडे पुढे ठेवावयाचे असतील तर वेखंडाचे तुकडे, वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा कडू जिरे यांची पुरचुंडी पुरे.

धूपनाविषयी अतिउत्साह नको. चरकोक्त क्रम लक्षात घ्यावा : आधी उत्तम प्रक्षालन, मग धूपन, शेवटी शुद्ध व कोरडे वस्त्र. धुरी हा धुण्याचा पर्याय नाही. यव, सर्षप, अतसी, हिंगू, गुग्गुलू, वचा इत्यादी द्रव्ये घृतासह तेथे सांगितली आहेत. वस्त्रे टोपलीवर पसरून खाली शेगडी ठेवावी, बाळास व श्वासाच्या रुग्णास त्या खोलीत ठेवू नये, आणि वस्त्र मोकळ्या हवेत झटकूनच वापरावे. द्रव्यांच्या निवडीत औषधविक्रेत्या बंधूंनी एक भान ठेवावे. गुग्गुलूचे झाड आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले गेले आहे. पृथ्वीवरील भार हलका व्हावा म्हणून जुना कपडा वापरणाऱ्या ग्राहकाला त्या कपड्याच्या धुरीसाठी गुग्गुलूची पुडी विकणे विसंगत होय. राळ, वेखंड, मोहरी आणि कडुनिंबाचा पाला यांवर काम भागते. गुग्गुलू योगराज-कैशोरासाठी राखावा.

औषधशाळेतील जुने कापड

शेवटी औषधनिर्मात्यांसाठी थोडेसे. जुन्या धोतराचे गाळणे ही आपल्या औषधशाळांतील नेहमीची वस्तू. आमचे मत असे की आभ्यंतर उपयोगाच्या क्वाथासाठी, आसवासाठी वा वस्त्रगाळ चूर्णासाठी कुणी वापरलेले वस्त्र, ते कितीही धुतलेले असो, घेऊ नये. त्याला लागलेली साबणाची पूड व त्यातील चमक आणणारी द्रव्ये पुरती निघत नाहीत. कोरे, बिनरंगाचे मांजरपाट खळ निघेपर्यंत दोनतीनदा उकळून घ्यावे. जुन्या कापडाचे खरे स्थान कपडमिट्टीत आहे. शरावसंपुटाच्या सांध्यावर व काचकुपीवर मुलतानी मातीत बुडवून गुंडाळण्यास मऊ पडलेले सुती जुनेर नव्या कापडाहून सरस, कारण ते माती चांगली धरते आणि वळणावर सुरकुती न पडता बसते.

मात्र ते शुद्ध सुती हवे. अलीकडे जुने धोतर म्हणून मिळणाऱ्या कापडात टेरिकॉटची भेसळ सर्रास असते. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंशांना वितळते, आकसते, आणि माती भेगाळून संपुट उघडे पडते. कुपीपक्वाच्या तीव्राग्नीत हे झाल्यास कुपी आणि पारद दोन्ही जातात, शिवाय भट्टीपाशी बसलेल्याच्या जिवाला धोका. म्हणून गठ्ठ्यातील प्रत्येक कापडाचे दोन धागे, एक उभा व एक आडवा, काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुताला जळत्या कागदाचा वास येतो व मऊ राख बोटाने उडते. रेशमाला व लोकरीला जळत्या केसांचा वास येतो. आणि धागा आकसून टोकाला काळा, टणक मणी धरत असेल तर ते कापड भट्टीच्या जवळपासही नेऊ नये.